काढायची तारीख

बादलीतली काठी कुणी न धरता सरळ उभी होती. प्लास्टरकाकांनी ती हलवून पाहिली. काठी हलली नाही, बादलीच हलली. मग त्यांनी काठी धरून वर उचलली, तर बादलीही तिच्याबरोबर वर आली, आणि काका तसेच, हातात काठी आणि काठीच्या टोकाला बादली अशा अवतारात बाल्कनीत उभे राहिले. समोरच्या इमारतीतली एक बाई कपडे वाळत घालायची थांबून त्यांच्याकडे बघू लागली, तेव्हा कुठे त्यांनी बादली खाली ठेवली.

रंगाचा दगड झाला होता. डब्यातला निम्म्याहून जास्त रंग त्यात गेला होता. सूनबाईनं तो स्वतः निवडला होता. चष्म्याची डबी दुकानदारापुढे ठेवून, अगदी असाच द्या, म्हणून घोटून घेतलेला निळसर हिरवा. तो आता कुठल्याही लाकडाला लागायचा नव्हता. आणि शनिवार असल्यामुळे सूनबाई दोन वाजताच घरी येणार होती.

दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर काकांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. कारण प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे त्यांच्या घरची वस्तू. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या प्लास्टर खोलीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. हाड डॉक्टरनं बसवायचं आणि बसलेलं काकांनी राखायचं, अशी तिथली वाटणी. पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकेच पिळायची आणि गुंडाळत जायची, हे सगळं ते रोग्याशी गप्पा मारता मारता करत. नव्यानं कामाला लागलेल्यांना त्यांचं एकच सांगणं असे: बोटं लावू नका, तळवा लावा. ओल्या प्लास्टरवर बोट दाबलं की बाहेर खड्डा पडतो आणि आत उंचवटा येतो, आणि तो उंचवटा पुढे सहा आठवडे त्या बिचाऱ्याच्या कातडीला टोचत राहतो. सगळं झालं की खिशातलं पेन काढून प्लास्टरवर दोन तारखा लिहायच्या, एक लावल्याची आणि एक काढायची. कागद हरवतो, पण मोडलेला हात कुणी घरी विसरून येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि पाणी नेहमी कोमट. गार पट्टीनं लहान मुलं दचकतात, मोडका हात हिसडून घेतात, म्हणून काका पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघत. कोमट पाण्यात प्लास्टर भराभर धरतं, त्यामुळे हात चपळ लागतो. तो त्यांच्याकडे होता.

आज सकाळी झालं ते एवढंच. जुन्या फर्निचरच्या दुकानदारानं खडूचा रंग कसा करायचा ते सांगितलं होतं. प्लास्टर पाण्यात कालवायचं, गुठळ्या मोडायच्या आणि भिंतीच्या साध्या रंगात मिसळायचं. हा रंग जुन्या पॉलिशवरही चिकटून बसतो आणि वाळला की फळ्यावरच्या खडूसारखा मऊ दिसतो. वर त्यानं बजावलंही होतं, पाणी तेवढं गार घ्या. काकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं होतं की तो पुढचं बोलायचाच थांबला. आणि आज काकांच्या हातानं आपण होऊन गीझरचा नळ सोडला, मनगटावर पाणी घेऊन पाहिलं, ठीक आहे म्हटलं आणि बादलीत ओतलं. मग रंग ओतला, काठी फिरवली आणि तेवढ्यात खणांच्या मुठी सोडवून घ्याव्यात म्हणून काका आत गेले. एका मुठीचा स्क्रू गंजला होता. त्यानं पंधरा मिनिटं खाल्ली.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण सध्या त्या घरात काकांची कुठलीच चूक हसण्यावारी जात नव्हती.

घरात माणसं दोनच, काका आणि सूनबाई. काकू फार पूर्वी गेल्या. मुलगा सात वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेला. लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि सूनबाई सत्तावीस वर्षांची होती. तिला तिच्या माहेरचे घेऊन गेले. ती परत येणार नाही हे सगळे धरून चालले होते, काकाही. तीन आठवड्यांनी दुपारी दार वाजलं, तर ही बॅग घेऊन उभी. बॅग कोपऱ्यात ठेवून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आतून म्हणाली, "बाबा, साखरेचा डबा कुठे हलवलात?"

त्या तीन आठवड्यांत काकांनी साखरेचा डबाच काय, कशालाच हात लावला नव्हता. डबा कुणा नातेवाइकानं हलवला असेल. तिनं तो शोधून जागेवर ठेवला, चहा केला, आणि चौथ्या दिवशी जेवणाचा डबा हातात देऊन काकांना दाराबाहेर काढलं, कामावर जा म्हणून. ते गेले. मग निवृत्त होईपर्यंत रोज गेले. तिनं चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि दोघांचं घर चालू झालं. ह्या सात वर्षांबद्दल काकांनी तिला कधी एका शब्दानं काही म्हटलं नाही. आभार बाहेरच्यांचे मानायचे असतात, घरातल्या माणसाचे मानले तर ते परकं होतं, अशाच समजुतीत त्यांची हयात गेली होती. पण तिचे उपकार त्यांना रोज आठवत, विशेषतः सकाळी. घरात मोठा आरसा एकच, काकांच्या खोलीतल्या कपाटाला. ती रोज सकाळी दारावर टकटक करी, काका पेपर घेऊन बाल्कनीत जात, आणि ती दोन मिनिटांत घाईघाईनं केस विंचरून बाहेर येई. सात वर्षांत तिनं तिसरं मिनिट घेतलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी चष्म्याच्या दुकानात एक लिफ्ट दुरुस्त करणारा आला. एका चष्म्यासाठी हा माणूस पाच वेळा आला. कधी दांडी सैल, कधी दांडी घट्ट, कधी नाकावर टोचतो. पाचव्या वेळी चष्म्याला काहीच झालं नव्हतं आणि तसं त्यानं सांगूनही टाकलं. वय चाळिशीचं, लग्न राहून गेलेलं, बोलणं कमी. घरी आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकून बसला आणि काकांना प्लास्टरबद्दल इतके नेमके प्रश्न विचारले की काकांनी त्याला दोनदा चहा पाजला. तो गेल्यावर काका सूनबाईला म्हणाले, माणूस सरळ आहे, हो म्हण. ती हो म्हणालीही. पण तारखेचा विषय निघाला की तिचं एकच उत्तर, "बघते." तीन महिने हे बघणं चाललं होतं.

कारण काकांना ठाऊक होतं. ते बाहेरून आले की किल्ली दाराला बाहेरच राहायची. असं एकदा नाही, तीनदा झालं होतं. शिवाय उजवा हात कप उचलताना थरथरायचा. तिनं त्यावर चकार शब्द काढला नाही, पण ते दिसल्यापासून त्यांचा कप अर्धाच भरू लागली. आणि एका संध्याकाळी ती फोनवर बोलताना त्यांच्या कानावर पडलं, बाबांना एकट्यांना टाकून कशी येऊ, तूच सांग. काका पॅसेजमध्ये चप्पल घालत होते. ती पुन्हा काढून ते खोलीत जाऊन बसले. ही पोरगी आपला कप अर्धा भरत म्हातारी होणार, हे त्यांना तिथे बसल्याबसल्या दिसलं.

दुसऱ्याच दिवशी ते जुन्या फर्निचरच्या दुकानात गेले. तिथलं एक ड्रेसिंग टेबल त्यांनी येताजाता पाहिलं होतं. ड्रेसिंग म्हटलं की काकांना अजून जखमच आठवते, म्हणून ते त्याला आरशाचं टेबल म्हणत. चार खण, गोल आरसा, पॉलिश उडालेलं, एका पायाला कुत्र्यानं चावल्याच्या खुणा, पण लाकूड दणकट. दुकानदारानं रंगाच्या कृतीत प्लास्टरचं नाव घेतल्याबरोबर काकांनी सौदा पक्का केला. टेबल हातगाडीवरून घरी आलं. सूनबाईला त्यांनी जाहीर करून टाकलं की हे तुझ्या नव्या घरी जाणार आणि ते मी रंगवणार, एकटा, कुणाची मदत नको. ती आरशात बघत थोडा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, होईल तुम्हाला?"

ते 'होईल?' काकांना फार लागलं. आपल्याला होतं हे तिला दिसलं, की ती जाईल. नाही झालं, तर राहील. सगळं त्या टेबलावर येऊन ठेपलं होतं, आणि रंगाचा तर दगड झाला होता.

काकांनी काठी आणि बादली जुन्या चादरीत गुंडाळून वॉशिंग मशीनच्या मागे सारली. रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. हात घासून धुतले. दोन वाजता ती आली, तेव्हा ते खणाच्या मुठी फडक्यानं पुसत बसले होते.

आज काय काय झालं, तिनं विचारलं. आज मुठी सोडवल्या, घाई कशाला, असं काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी त्या मुठींबद्दल जरा जास्तच माहिती दिली, कुठली गंजली होती, कुठली नाही. ती ऐकत होती. रंगाच्या डब्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि जेवायला वाढायला गेली.

रविवारी ती भाजी आणायला बाहेर पडल्याबरोबर काका कामाला लागले. ह्या वेळी पाणी माठातलं घेतलं आणि कालवतानाही मधून मधून हात घालून ते गार आहे ना, हे बघत राहिले. प्लास्टर शहाण्यासारखं वागलं. पॉलिश पेपरनं त्यांनी लाकूड आधीच घासून ठेवलं होतं; त्यावर तळवा फिरवून कुठे कुसळ लागतं का पाहिलं आणि ब्रश चालवला. हात थरथरत होता, पण ब्रश रुंद होता, त्यामुळे निभावलं. उरलेल्या रंगात दोन हात बसवायचे म्हणून त्यांनी पहिला हात अगदी पातळ ओढला.

पहिला हात कुठलाही रंग मारला तरी वाईटच दिसतो, आणि खडूच्या रंगाचा तर विचारू नका. कुठे हिरवं, कुठे पांढुरकं, मध्येच जुनं तपकिरी लाकूड डोकावतंय. सूनबाई पिशव्या घेऊन दारात आली ती तिथेच थांबली. "छान आहे," ती म्हणाली. लहान मुलानं काढलेल्या चित्राला म्हणतात तशा आवाजात म्हणाली. त्यापेक्षा तिनं नावं ठेवली असती तरी चाललं असतं, असं काकांना वाटलं. फरशीवर रंगाचे थेंब पडले होते. ते पुसायला ती बादली शोधू लागली. छोटी बादली नेहमीच्या जागी नव्हती. बाल्कनीत नव्हती. मग वॉशिंग मशीन सरकवल्याचा आवाज आला, आणि काकांनी ब्रश खाली ठेवला.

तिनं बादली आणून त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवली. काठी अजून उभीच होती. मग ती बादलीशेजारी जमिनीवर बसली.

"हे कधी झालं?"

"काल."

"आणि तुम्ही लपवलंत."

काका काठीवरचा वाळलेला रंग नखानं खरवडू लागले.

"गार पाणी घ्या म्हणाला होता तो. टेबल पोचवायला आला तेव्हा माझ्यासमोर म्हणाला होता. तुम्ही विसरलात, बाबा."

"विसरलो नाही गं. हाताला जुनं आठवलं. कोमट पाणी घ्यायची सवय."

"उद्या गॅसपाशी काही आठवेल. परवा रस्त्यात आठवेल." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी आजच त्याला लग्नाला नाही म्हणून कळवून टाकते. मला नाही जमणार."

ती उठायला लागली. काकांनी तिचं मनगट धरलं. प्लास्टर खोलीत घाबरलेल्या माणसाचं धरत, तसंच, तळव्यानं, बोटं न रुतवता. बस जरा, म्हणाले. मग त्यांनी तिला एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती, कोपराजवळ मोडलेला हात. काकांनीच प्लास्टर घातलं होतं, तारीख लिहिली होती, सहा आठवड्यांची. बाई आली पाच महिन्यांनी. मुलगा खोडकर होता, प्लास्टरमध्ये हात सांभाळलेला राहतोय, पुन्हा पडला तरी मोडायचा नाही, म्हणून तिनं राहू दिलं. कापून काढलं तर आतला हात काडीएवढा झालेला, आणि कोपर वाकेना. डॉक्टर तिच्यावर ओरडले. काकांना मात्र तिच्यावर ओरडवलं नाही, कारण तिनं ते मायेपोटीच केलं होतं.

"तू बॅग घेऊन परत आलीस ना, तेव्हा माझं काय काय मोडलेलं होतं ते एका तुलाच माहीत आहे," काका म्हणाले. "तू बाहेरून धरून ठेवलंस. सात वर्षं. जुळलं पोरी ते. थोडं वाकडं जुळलं असेल, किल्ली दाराला राहते, हात हलतो. पण जुळलंय. आता काढायला हवं. नाहीतर तुझाही हात वाळेल आणि माझाही."

ती खाली मान घालून बादलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि मी गेले की मग मी तुमची कोण?"

हा प्रश्न खरं तर काकांचा होता. तीन महिने ते तो मनात घेऊन फिरत होते. मुलगा नाही, सून दुसऱ्याच्या घरी गेलेली. मग आपल्याला तिचा सासरा तरी कुणी का म्हणावं, आणि कुठल्या तोंडानं आपण तिला फोन करावा? आपल्यालाच भीती वाटतेय असं ते समजून चालले होते. तीच भीती तिलाही होती हे ऐकल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं.

"हे तुझं माहेर," ते म्हणाले. "दमलीस की ये, भांडलीस की ये, उगाच ये. साखरेचा डबा मी जागेवरून हलवणार नाही." आणि मग, ती बघत नाही अशी खात्री करून, टेबलाकडे बघत म्हणाले, "तू केलंस त्याबद्दल मला बोलता येत नाही. म्हणून हे रंगवतोय."

ती रडली. रडता रडताच तिला हसू फुटलं, कारण समोर ते पट्ट्यापट्ट्यांचं टेबल उभं होतं. "पण धड रंग तरी कुठे लागलाय, बाबा."

"पहिला हात असाच दिसतो. दुसरा बघ."

त्यांनी ब्रश उचलला, हातात फिरवला, आणि तिच्यापुढे धरला. "दुसरा तू मार. माझा खांदा भरून आलाय. मी सांगतो तसं कर."

नऊ वर्षांत काकांनी तिच्याकडे स्वतःहून काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं ब्रश घेतला, ओढणी कमरेला बांधली. काका स्टुलावर बसून सूचना देऊ लागले आणि त्या सूचनांना अंत नव्हता. एकाच दिशेनं ओढ. तिथे पुन्हा जाऊ नकोस, ते वाळतंय. टेकायचं असेल तर तळवा टेक, बोटं नकोत. शेवटी तिनं विचारलं की इस्पितळात लोक तुम्हाला कसे सहन करायचे. तिथे त्यांचे हात मोडलेले असायचे, काका म्हणाले, त्यांना पळून जाता येत नसे.

दुसरा हात बसला आणि टेबलाचं रूप पालटलं. रंग अगदी चष्म्याच्या डबीचा उतरला होता. मात्र तो पुरला नाही. मागची फळी, खणांचे आतले भाग आणि त्यांचे तळ कोरेच ठेवावे लागले. तिथे कोण बघायला जातंय, असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

मंगळवारी काकांनी मेण लावलं. निवृत्त होताना प्लास्टर खोलीतल्या लोकांनी त्यांना गंमत म्हणून स्टॉकिनेटची एक गुंडाळी भेट दिली होती. प्लास्टरखाली कातडीला लागू नये म्हणून घालतात ती ही मऊ सुती नळी. तिचा तुकडा कापून त्यांनी मेण घासलं, गोल गोल, तासभर. कुत्र्यानं चावलेला पाय सुद्धा त्यांनी सोडला नाही. मुठी बसवल्या. आत स्वयंपाकघरात सूनबाई चहाचे कप धूत होती. काकांनी खालचा खण ओढून काढला, उलटा केला, जुन्या सवयीनं खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या लाकडावर काहीतरी लिहिलं. मग खण जागच्या जागी सरकवला.

ती बाहेर आली आणि आरशासमोर उभी राहिली. केसांची पिन काढली, केस मोकळे केले, आणि सावकाश विंचरू लागली. काका पेपर घेऊन बाल्कनीत निघाले होते. "बसा की बाबा," ती आरशातूनच म्हणाली, "आता कुठे जाताय?" ते बसले. तिला दहा मिनिटं लागली. त्यानंतर तिनं लिफ्टवाल्याला फोन केला आणि ह्या वेळी 'बघते' म्हणाली नाही.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं, वीस मिनिटांत. काका साक्षीदार होते. कारकुनानं त्यांच्यापुढे रजिस्टर सरकवलं आणि वर न बघता विचारलं, वधूशी नातं काय? काकांनी पेन उघडलं आणि अडखळले. "वडील आहेत माझे," सूनबाई म्हणाली. कारकुनानं तसं लिहून घेतलं. काकांनी सही केली.

रविवारी सामान न्यायला टेम्पो आला. इमारत तीन मजली, त्यामुळे लिफ्टवाल्याच्या नशिबी जिना आला. काकांनी वरच्या पायरीवर उभं राहून त्याला बजावलं, कडेला धरू नका, खालून तळवे लावा. तो निमूटपणे तळवे लावून उतरला, प्रत्येक वळणावर थांबून, मदतीला आणलेल्या मित्राला हळू म्हणत. टेबलाला कुठे ओरखडा आला नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात त्यांनी त्या माणसाला पुरे मार्क दिले. निघताना तो वाकून म्हणाला, काका, मला अहोजाहो नका करू. सूनबाई दारात उभी होती. काकांनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला. मग ती खाली उतरली आणि टेम्पो वळेपर्यंत ते गॅलरीत थांबले.

घरात आल्यावर त्यांनी दार उघडं ठेवलं. ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून आता त्याला एक छान टेकू होता. प्लास्टिकची बादली कापून त्यांनी तो निळसर हिरवा दगड बाहेर काढला होता, वरून काठी करवतीनं छाटली होती. दार लावायचं तर दगड हलवावा लागे आणि दगडाच्या सपाट माथ्यावर किल्ली ठेवायची, असं सूनबाईनंच ठरवून दिलं होतं. आठ दिवसांत किल्ली एकदाही बाहेर राहिली नव्हती. काकांनी किल्ली दगडावर ठेवली. बाहेरच्या खोलीत फरशीवर टेबलाच्या चार पायांच्या खुणा होत्या आणि मध्ये रंगाचे थेंब. ते थेंब ती पुसायला विसरली होती. काकांनीही पुसले नाहीत.

संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला.

"बाबा, पोचलं व्यवस्थित. खिडकीपाशी लावलंय." मागून कुणीतरी खिळा ठोकत असल्याचा आवाज येत होता. "खण काढून पुसत होते. खालचा उलटा केला."

"बरं."

"लावल्याची तारीख लिहिलीय तुम्ही. त्याखाली 'काढायची' एवढंच आहे. पुढे तारीख घालायला विसरलात."

"विसरलो नाही," काका म्हणाले.

पलीकडे खिळा ठोकणं थांबलं होतं. मग नाक ओढून तिनं विचारलं, चहा घेतलात का. आता करतो, ते म्हणाले. डबा जागेवर आहे ना, तिनं विचारलं. आहे, ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी चहा केला. कपात ओतला, नेहमीच्या अर्ध्या खुणेपाशी थोडे थांबले, आणि मग काठोकाठ भरला. दोन्ही तळव्यांत कपबशी धरून ते एकेक पाऊल टाकत बाल्कनीत आले. थोडा चहा बशीत सांडला होता. खुर्चीवर बसून त्यांनी आधी तो प्यायला, आणि मग कप उचलला.